टाकून दिलेला अपूर्णांक

पुण्याहून नाशिककडे निघालेला प्रवासी भोसरी, मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणच्या शिवारांत शिरतो, तेव्हां रस्त्याच्या दोहों अंगांस कारखान्यांच्या लांबलचक छपरांचीच सोबत त्याला होते. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं जेथला संग्रामदुर्ग शायिस्तेखानाच्या प्रचंड सैन्याविरुद्ध मूठभर शिबंदीनिशीं लढविला, आणि जेथला कांद्याचा बाजार अजूनही नांवाजलेला आहे, तेंच हें चाकण. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९६६ मध्यें टेल्कोनें येथें पाय रोवला, १९८२ मध्यें पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि पुढें मोटारींच्या देशी-विदेशी कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोंचली. हा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. फारसें ठाऊक नसतें तें हें कीं, या छपरांखालीं आतां माल तयार करण्याबरोबरच तो डोळ्यांखालून घालण्याचें कामही यंत्राकडे सोंपविलें जात आहे. आणि यंत्राचें पाहणें म्हणजे निव्वळ अंकगणित होय. तें अंकगणित अगदीं थोडें चुकलें तर काय होतें, आणि ती चूक कशी हुडकावी लागते, हा विषय वाटतो तितका रुक्ष नाहीं.

मोटारीच्या ब्रेकचा एखादा ओतीव लोखंडी भाग घ्यावा. ओततांना वायूचा बुडबुडा आंत अडकून राहिला तर पृष्ठभागावर बारीक छिद्र पडतें. त्यास कारखान्यांत ‘ब्लो होल’ म्हणतात. पुढें तासकाम करतांना हत्यार घसरलें तर ओरखडा उमटतो. असला माल गाडींत बसविणें म्हणजे कोणाच्या तरी जिवाशीं खेळणें आहे, हें सांगावयास नको. पूर्वीं तपासनीस भिंग घेऊन बसे आणि एक एक ‘जॉब’ (यंत्रावर चढविलेल्या वस्तूस येथील कामगारांच्या बोलींत हेंच नांव आहे) हातांत फिरवून पाही. परंतु आठ तासांच्या पाळीच्या अखेरीस माणसाचा डोळा थकतो, आणि थकलेला डोळा चुकतो. म्हणून आतां कित्येक ठिकाणीं जॉब सरकत्या पट्ट्यावरून येतो, कॅमेऱ्याखालीं क्षणभर थांबतो, आणि हिरवा किंवा तांबडा दिवा लागून त्याची पास-नापास ठरते.

कॅमेरा स्वतः कांहींच ठरवीत नाहीं. तो केवळ आंकडे देतो. १९५७ सालीं अमेरिकेंत रसेल किर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्रांत घातला तेव्हां त्यांनीं त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ असे बारीक चौकोन पाडले होते. त्या चौकोनास आज सर्वत्र ‘पिक्सेल’ म्हणतात. हल्लींच्या कॅमेऱ्यांत असे लाखों चौकोन असतात. प्रत्येकावर पडणारा उजेड ० पासून २५५ पर्यंतच्या एका पूर्णांकानें दाखविण्याची सर्वसाधारण रीत आहे: ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र, मधल्या सगळ्या राखी छटा. रंगीत चित्र असेल तर तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आंकडे. चित्र म्हणून यंत्राजवळ याहून निराळें कांहीं नसतें. आंकड्यांनीं भरलेली एक प्रचंड वही, एवढेंच.

या वहीवर जी प्रक्रिया करावयाची तिला ‘फिल्टर’, म्हणजे गाळणी, म्हणतात. नांव फसवें आहे, कारण गाळणींत कांहीं तरी मागें राहतें, येथें प्रत्येक आंकड्याच्या जागीं दुसरा आंकडा लिहिला जातो. सर्वांत साधी गाळणी सरासरीची. एक पिक्सेल आणि त्याचे भोंवतालचे आठ शेजारी, असे नऊ आंकडे मिळवावयाचे, नवांनीं भागावयाचें, आणि येईल तें उत्तर नव्या वहींत मधल्या घरांत लिहावयाचें. असें केल्यानें धुळीचा एखादा कण किंवा कॅमेऱ्याची क्षणिक थरथर आठ शेजाऱ्यांत वांटली जाऊन पुसट होते आणि खरा डाग तेवढा उठून राहतो. हें गणित तिसरी-चौथींतल्या मुलालाही येईल. मग यंत्र त्यांत चुकतें कसें?

चुकतें तें बाकीशीं. पांचशें पंचावन्नास नवांनीं भागिलें तर भागाकार ६१ येतो आणि बाकी ६ उरते. शाळेंत मूल बाकी लिहून ठेवतें, कारण न लिहिल्यास गुण कापले जातात. यंत्राला तसें भय नाहीं. ‘सी’ या भाषेंत, आणि तिच्या वळणानें चालणाऱ्या इतर कित्येक भाषांत, पूर्णांकास पूर्णांकानें भागिलें म्हणजे बाकी मुकाट्यानें टाकून दिली जाते, ६१.६७ हें उत्तर ६१ होतें, ६२ होत नाहीं. यांत यंत्राचा दोष नाहीं, भाषेचा तो जाहीर नियमच आहे. अपूर्णांकासह गणित करण्याची सोय यंत्रांत असते. परंतु पट्टा थांबत नाहीं, पुढचा जॉब येऊन उभा असतो, आणि पूर्णांकांचें गणित लहानसहान यंत्रांवर झटपट उरकतें, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा तोच मार्ग पत्करतो.

एका अंशाचें काय तें मोठेंसें, असें कोणासही वाटेल. २५५ पैकीं एक! डोळ्यास तर तें मुळींच कळणार नाहीं. ६१ ची छटा आणि ६२ ची छटा शेजारीं शेजारीं ठेवल्या तरी पाहणाऱ्यास त्या एकच वाटतील. परंतु खरी गोष्ट एका अंशाची नसून दिशेची आहे. दूधवाल्याचें माप कधीं थोडें जास्त, कधीं थोडें कमी भरलें तर महिनाअखेर हिशोब जुळतो. पण माप नेहमींच कमी भरत असेल तर कोणतीही गृहिणी महिना संपायच्या आंत त्याला जाब विचारते. बाकी टाकून देणें हें दुसऱ्या प्रकारचें माप आहे. नवांनीं भागतांना बाकी ० ते ८ यांपैकीं कांहींही उरूं शकते. सर्व बाक्या सारख्याच वेळां येतात असें धरलें तर प्रत्येक भागाकारामागें सरासरीनें चार नवमांश, म्हणजे जवळजवळ अर्धा अंश, बुडतो. आणि तो नेहमीं काळोखाच्याच खात्यांत जमा होतो.

याचा इतिहासप्रसिद्ध दाखला चित्रांच्या प्रांतांतला नसून पैशांच्या प्रांतांतला आहे. कॅनडांतील व्हँकूव्हरच्या शेअरबाजारानें जानेवारी १९८२ मध्यें भावांचा एक निर्देशांक सुरू केला. आरंभींचा आंकडा १००० धरला होता. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानें काढीत, आणि दशांशचिन्हापुढचीं तीन स्थळें ठेवून बाकीचें छाटून टाकीत. असें दिवसांतून हजारों वेळां चाले. बाजार बरा असतांना निर्देशांक मात्र घसरतच राहिला, आणि नोव्हेंबर १९८३ मध्यें तो ५२४ वर आला. नीट हिशोब केला तेव्हां खरा आंकडा १०९८ च्या वर निघाला! हजारांश छाटतां छाटतां बावीस महिन्यांत अर्ध्याहून अधिक निर्देशांक गडप झाला होता. दुसरा दाखला रक्तरंजित आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरबस्तानांत धाहरान येथें पेट्रिअट क्षेपणास्त्रांची बचावयंत्रणा शत्रूचें अस्त्र अडवूं शकली नाहीं व २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. सेकंदाचा दहावा हिस्सा यंत्राच्या अंकपद्धतींत पुरतेपणीं बसत नसल्यामुळें तो छाटून ठेवलेला होता, आणि यंत्र शंभर तास अखंड चालल्यानें त्याच्या घड्याळांत सुमारें एक तृतीयांश सेकंदाची तफावत पडली होती.

आतां पुन्हां चाकणकडे वळावें. पुढील प्रकार कोणत्याही एका कारखान्याचा म्हणून सांगितलेला नाहीं. परंतु या कामांत मुरलेल्या माणसास त्यांत अपरिचित असें कांहीं आढळणार नाहीं. समजा, एका लाइनवर दोन नियम ठरलेले आहेत. ७० पेक्षां कमी छटेचे पिक्सेल चाळिसांहून जास्त आढळले तर छिद्र समजावें. २०० पेक्षां अधिक छटेची सलग रेघ आढळली तर ओरखडा समजावा. महिनाभर असें दिसूं लागतें कीं, नापास मालाच्या टोपलींत चांगले जॉब येऊन पडत आहेत. भिंगानें पाहिलें तर छिद्र नाहीं. ओतशाळेचे लोक म्हणतात आमचा माल स्वच्छ आहे. लाइनवरचे म्हणतात दिवा मंद झाला असेल. कोणी भिंगावरची धूळ पुसतो, कोणी पाळीवरच्या पोरानें जॉब वांकडा ठेवला असें ठरवून मोकळा होतो. आणि त्याच महिन्यांत गिऱ्हाइकाकडून एक जॉब परत येतो, ज्यावर चांगला ठसठशीत ओरखडा आहे व ज्यास यंत्रानें हिरवा दिवा दाखविला होता. एकाच यंत्रानें चांगल्यास वाईट आणि वाईटास चांगलें कसें म्हणावें? वस्तुतः हीच खूण मोलाची आहे. सगळें चित्र थोडेंसें काळवंडत असेल तर काळें शोधणारा नियम अकारण कडक होतो आणि पांढरें शोधणारा नियम तितकाच ढिला पडतो. दोन उलट तक्रारी एकाच कारणाकडे बोट दाखवितात. पण ही खूण ओळखण्यास तक्रारींचीं दोन्हीं कागदपत्रें एकाच माणसाच्या टेबलावर यावीं लागतात, आणि मोठ्या कारखान्यांत हें घडणें गणितापेक्षांही कठीण असतें.

शोध घेणाऱ्या इंजिनिअरचा पहिला मोह असतो चित्र पडद्यावर मोठें करून पाहण्याचा. तो व्यर्थ आहे, कारण डोळा येथें साक्षीदार होऊंच शकत नाहीं. दुसरा मोह पांढऱ्या कागदाचा फोटो घेण्याचा. तोही निरुपयोगी, कारण कागदावर दिव्याचा उजेड मध्यें अधिक आणि कडेला उणा पडतो, आणि मूळ आंकडा काय होता हेंच निश्चित नसतें. शहाणा माणूस कॅमेरा बाजूस ठेवतो आणि प्रोग्रॅमला हातानें तयार केलेली वही देतो: सर्व घरांत २५५. शुभ्र चित्र आंत गेलें तर शुभ्रच बाहेर आलें पाहिजे. बाहेर येतें २५४. मग सर्व घरांत १०० घालून पाहावें; येतात ९९. सर्व घरांत ०, येतें ०. शून्य सोडून प्रत्येक छटा बरोबर एकानें उतरते. येथें अंदाज संपतो आणि हिशोब सुरू होतो.

यानंतर पायऱ्या एक एक करून वेगळ्या काढाव्या लागतात. पहिली पायरी रंगीत चित्राचें राखी चित्र करण्याची. माणसाच्या डोळ्यास हिरवा सर्वांत उजळ भासतो व निळा सर्वांत मंद, म्हणून तिन्हींस सारखें वजन देत नाहींत. अमेरिकेंतील रंगीत दूरचित्रवाणीच्या १९५३ च्या प्रमाणांतून आलेलीं वजनें तांबड्यास ०.२९९, हिरव्यास ०.५८७ आणि निळ्यास ०.११४ अशीं आहेत. बेरीज बरोबर १. पूर्णांकांत गणित करावयाचें म्हणून त्यांना २५६ नीं गुणतात आणि शेवटीं २५६ नीं भागतात. गुणाकार येतात ७६.५४४, १५०.२७२ आणि २९.१८४. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें तिन्हींच्या शेपट्या छाटल्या: ७६, १५०, २९. आतां यांची बेरीज करून पाहावी. ती २५५ होते, २५६ नव्हे! तागडींत एक वजन कमी पडलें. पहिला आंकडा ७६.५४४ असल्यानें तो ७७ कडे जवळ आहे. तेवढी एक दुरुस्ती केली कीं बेरीज २५६ भरते, आणि २५५ चे २५५, १०० चे १०० नीट बाहेर येतात.

पुष्कळ दुरुस्त्या याच ठिकाणीं थांबतात, आणि पुष्कळ चुका त्यामुळेंच शिल्लक राहतात. शुभ्र चित्राची परीक्षा आतां उत्तम उतरते. १०० ची उतरते, ३७ ची उतरते. पण तक्रारी अर्ध्याच कमी होतात. कारण उघड आहे, मात्र तें सुचावें लागतें. सर्व घरांत एकच आंकडा असला तर नऊ घरांची बेरीज त्या आंकड्याच्या नऊपट होते, तिला नवांनीं निःशेष भाग जातो, बाकी उरतच नाहीं. जी चूक बाकी टाकण्याची आहे ती अशा परीक्षेंत सांपडणार कशी? इतकेंच काय, डावीकडून उजवीकडे एकसारखी वाढत जाणारी छटा दिली तरीही तीच गत. डावा शेजारी जितका कमी तितकाच उजवा अधिक, आणि बेरीज पुन्हां नऊपटच. परीक्षेसाठीं आंकडे ओबडधोबडच पाहिजेत. उदाहरणार्थ पहिल्या ओळींत ५२, ५५, ६१. दुसरींत ५९, ६२, ६८. तिसरींत ६३, ६५, ७०. बेरीज ५५५. पाटीवरचें उत्तर ६१.६७, म्हणजे ६२. यंत्र ६१ म्हणतें. सांपडली!

हिचा उपाय जुन्या दुकानदारांस ठाऊक असलेलाच आहे: अर्ध्याच्या वर असेल तर पुरा धरावा, खालीं असेल तर सोडावा. यंत्रास तें शिकवावयाचें तर नवांनीं भागण्यापूर्वीं बेरजेंत ४ मिळवावे. ५५५ चे ५५९ होतात, नवांनीं भागिलें कीं ६२ येतात आणि उरलेली बाकी खुशाल टाकावी. बाकी १ ते ४ असतांना उत्तर थोडें कमी येतें, ५ ते ८ असतांना तितकेंच अधिक येतें. हा तोटा आणि तो नफा जोडीजोडीनें एकमेकांस तंतोतंत फेडतात. नऊ ही विषम संख्या असल्यानें मधोमध अडकणारी बाकी नाहीं, हें येथलें सुदैव. त्या लाइनवर सरासरीची गाळणी दोनदां लागत असेल तर राखी चित्राचा एक आणि दोन गाळण्यांचे चार-चार नवमांश मिळून आरंभींचा तोटा जवळजवळ दोन अंशांचा होता. खरा ७१ चा पिक्सेल त्यामुळें ६९ होऊन छिद्रांत मोजला जाई, आणि २०१ ची रेघ १९९ होऊन ओरखड्यांतून सुटे.

ताळा पाहण्याची एक सोपी युक्तिही आहे. सरासरीची गाळणी उजेड वांटते, निर्माण करीत नाहीं कीं नष्ट करीत नाहीं. तेव्हां कडा सोडून आंतल्या भागाची छटा गाळण्यापूर्वीं आणि गाळल्यानंतर सरासरीनें सारखीच राहिली पाहिजे. हा ताळा पाळीगणिक घेतला असता तर महिनाभराचा गोंधळ पहिल्याच दिवशीं उघडा पडता.

असल्या प्रोग्रॅमांत याहून ढोबळ चुकाही होतात, पण त्या आपण होऊन ओरडतात. कोपऱ्यांतल्या घरास स्वतःसह चारच घरें असतात, कांठावरच्यास सहा. तरी नवांनींच भागिलें तर चित्राभोंवतीं काळी चौकट उमटते. आठ अंकस्थळांच्या घरांत २०० आणि १०० यांची बेरीज केली तर ३०० न मावून २५६ गळून पडतात व ४४ उरतात. उजळ भागावर काळे चट्टे दिसतात. नवीं उत्तरें नव्या वहींत न लिहितां जुनींतच खोडून लिहिलीं तर पुढच्या घरास शेजारी बदललेले भेटतात आणि चित्र एका बाजूस ओघळल्यासारखें होतें. हीं तिन्हीं चित्रें पाहतांक्षणींच कोणीही म्हणेल कीं बिघडलें. ओरडणारी चूक परवडते. गोड दिसणारें चित्र अधिक घातक.

चार मिळविण्याचा उपाय सरसकट सगळीकडे चिकटवितां येत नाहीं, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. ओरखड्याची कड शोधण्यासाठीं आयर्विन सोबेल आणि गॅरी फेल्डमन यांनीं १९६८ सालीं स्टॅनफर्ड येथें मांडलेली गाळणी वापरतात. तींत एका बाजूच्या शेजाऱ्यांतून दुसऱ्या बाजूचे वजा करावयाचे असतात, म्हणून उत्तर ऋणही येतें. समजा ऋण ३० आलें आणि त्यास आठांनीं भागावयाचें आहे. खरें उत्तर ऋण ३.७५, म्हणजे ऋण ४ धरावें. पण वरचाच कित्ता गिरवून आठांचे निम्मे ४ मिळविले तर ऋण २६ होतात, आणि ‘सी’ भाषेचा भागाकार त्यांचे ऋण ३ करून देतो, कारण ती भाषा शेपूट छाटतांना शून्याच्या दिशेनें सरकते. ऋण संख्येंतून ४ वजाच करावयास पाहिजेत. एका ठिकाणचें औषध दुसऱ्या ठिकाणीं रोग होतें तें असें.

आणि दुरुस्ती केल्यानंतरचा दिवस सर्वांत अवघड असतो. ७० आणि २०० या मर्यादा कोणीं आकाशांतून आणलेल्या नसतात. लाइन बसवितांना कांहीं चांगले व कांहीं सदोष जॉब कॅमेऱ्याखालीं घालून त्या ठरविलेल्या असतात. त्या वेळीं प्रोग्रॅम चुकीचाच असेल तर मर्यादांनीं ती चूक कांहीं अंशीं पोटांत घेतलेली असते, आणि नंतर दिवा, भिंग किंवा ओतकामाची जात बदलल्यावरच ती बाहेर डोकावते. अशा वेळीं गणित बरोबर केलें तर सगळ्या छटा दोन अंशांनीं वर चढतात, जुन्या मर्यादा लागेनाशा होतात, आणि कालपर्यंत बरें चाललें होतें तें या दुरुस्तीनेंच बिघडविलें असा ओरडा लाइनवर होतो. ओरडणाऱ्यांचें अगदींच चुकतें असें नाहीं. म्हणून गणित आणि मर्यादा यांस एकाच बैठकींत हात घालावा लागतो: जपून ठेवलेले नमुन्याचे जॉब, ज्यांस ‘मास्टर पीस’ म्हणतात, ते चांगले व सदोष दोन्हीं पुन्हां कॅमेऱ्याखालून काढावयाचे, मर्यादा नव्यानें लावावयाच्या, आणि मगच पट्टा सोडावयाचा. सावधगिरीनें चालणाऱ्या ठिकाणीं पाळी बदलतांना हे नमुने रोज फिरविले जातात. त्यांच्या जोडीला ओबडधोबड नऊ आंकड्यांची ती छोटी वहीही प्रोग्रॅमपुढें ठेवितां येते; पहिला जॉब येण्यापूर्वीं यंत्रानें ५५५ ची सरासरी ६२ सांगितली कीं लाइन सुरू करावी, ६१ सांगितली तर इंजिनिअरला बोलवावें.